नाण्यावरची देवाची मिरवणूक ओळखताना या चुका टाळा

रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या प्रांतांत शहरं आपापली तांब्या-काशाची नाणी पाडत. त्यांचे फोटो मला सतत येतात. प्रश्न एकच, "हे कुठलं देऊळ?" आणि निम्म्या वेळा ते देऊळ नसतंच. देव बाहेर निघालेला असतो.

मीही इथेच आपटलो होतो. आजच्या इस्रायलमधलं अक्को, म्हणजे त्या काळचं टॉलेमाइस, तिथलं एक नाणं घेतलं. दोन खांब, मधे देव, त्याच्या दोन्ही बाजूंना बैल. खालची आडवी रेघ जमिनीची धरली आणि पाकिटावर 'देऊळ' लिहून मोकळा झालो. दोन वर्षांनी एका प्रदर्शनात एक वयस्कर संग्राहक नाणं बघून म्हणाले, "अहो, जमीन काठापर्यंत जात नाही, खांबांच्या जराशी बाहेर येऊन थांबते. असं का?" ते दांडे होते! देव्हारा खांद्यावरून न्यायचे दांडे. जन्मभर पालख्या बघितलेल्या माणसाला हे दिसू नये? तो देव हेलिओपोलिसचा, म्हणजे आजच्या लेबननमधल्या बालबेकचा झ्यूस. त्याची मूर्ती प्रांतातले मानकरी डोकं भादरून, व्रत पाळून वाहत आणि स्वतःच्या मर्जीने न चालता देव ढकलेल तिकडे जात, असं रोमन लेखक मॅक्रोबियस सांगतो.

तेव्हापासून नाणं हातात आलं की मी देवाला अंगठ्याने झाकतो. आधी पायथा बघायचा. दिवा बाजूने, तिरपा.

दुसरी चूक म्हणजे दगड आणि चाक दिसलं की 'एमेसाचा (आजच्या सीरियातलं होम्स) सूर्यदेव' म्हणणं. सम्राट एलागाबालसच्या काळात (इ. स. 218 ते 222) सिडोनच्या (आजच्या लेबननमधलं शहर) नाण्यांवरही चाकांवरचा देव्हारा आहे, आत गोलसर दगड. पण ती अस्तार्ते देवीची गाडी. तिला घोडे नाहीत, वर छप्पर आहे. एमेसाचा दगड उभट, त्यावर गरुड, आणि रथाला चार घोडे. तो एलिया कॅपिटोलिना, म्हणजे जेरुसलेमच्या नाण्यांवरही सापडतो. आणि सिडोनच्या गाडीची दोनच चाकं दिसतात म्हणून ती दुचाकी ठरवू नका. समोरून काढलेल्या चित्रात मागची चाकं दिसणार कशी?

एकाने तर चार घोड्यांचं नाणं नकली ठरवलं. का, तर एमेसाच्या देवाच्या मिरवणुकीच्या वर्णनात इतिहासकार हेरोडियन सहा घोडे लिहितो. त्याच वर्णनात लगाम कुणाच्याच हाती नसतो आणि सम्राट देवाकडे तोंड करून रथापुढे उलटा धावतो. तोही नाण्यावर शोधणार का? साचा कोरणाऱ्याला जागा किती मिळते, ती एकदा पट्टीने मोजा. अर्धं पान वाचून निकाल देणाऱ्यांचा मला फार कंटाळा येतो.

नाण्यावर 'अंतोनिनस' हे सम्राटाचं नाव वाचून थांबू नका. आधीचा सम्राट काराकाला आणि एलागाबालस दोघंही नाण्यावर तेच नाव लावतात. चेहरा बघा.

नाणं साफ करायला चिंच, लिंबू, तारेचा ब्रश? हात जोडतो. डिस्टिल्ड पाणी आणि काही आठवडे धीर. धीर नसेल तर नाणं मळकं राहू द्या.

झिजलेल्या नाण्यावर अंदाजाने देवाचं नाव टाकू नका. माझ्या खणात अकरा पाकिटं आहेत, त्यांच्यावर फक्त 'चाकं आहेत' एवढंच लिहिलंय.