पन्हळी पत्रा आडवा वाकवताय? या चुका टाळा

पन्हळींच्या लांबीला समांतर घडी घालायची असेल तर पत्रा मुकाट्याने ऐकतो. पन्हळींना आडवा वाकवायला गेलं की हटून बसतो. तो त्यासाठीच तर बनवलाय! अर्धा मिलीमीटरचा सपाट पत्रा स्वतःच्या वजनानेच लोंबतो. पन्हळी पाडल्या की तोच छपराचा भार तोलतो. हे माहीत असूनही लोक पाय देऊन वाकवायला जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच जागी जोर लावणं. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराला ट्रॅक्टरसाठी पुढून गोल उतरणारी शेड हवी होती. मी पोचायच्या आधीच त्याच्या भाच्याने पत्रा ड्रमवर टाकून दोन गडी दोन टोकांना उभे केले होते. पत्र्याने जरा दम धरला, मग खाडकन मधोमध बसला. उंचवटे चपटे झाले की तेवढ्या रेषेत तो सपाट पत्राच उरतो आणि पुढचा सगळा बाक तिथेच जमा होतो. गोलाई राहिली बाजूला, झाला कोपरा.

तरी पठ्ठ्या थांबेना. "काका, तापवल्यावर लोखंड वाकतंच की!" म्हणत त्याने गॅसची बत्ती लावली. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्याआधीच जळायला लागतं. पांढरा धूर निघाला, तो यानेच ओढला आणि रात्री हुडहुडी भरून पडला. घरच्यांना वाटलं मलेरिया. कुठल्याही जुन्या वेल्डरने सांगितलं असतं, हा जस्ताच्या धुराचा ताप. पत्र्याचं जस्त गेलं ते गेलंच. पुढच्या पावसाळ्यात तो पट्टा गंजून लाल झाला.

हिशेब समजून घ्या. नेहमीच्या गोल पन्हळीची खोली साधारण १८ मिलीमीटर. पत्रा काटकोनात वळवला की बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा २८ मिलीमीटर लांब पडते, गोलाई लहान असो की मोठी. हे २८ मिलीमीटर कुठे दडवायचे ते तुम्ही ठरवलं नाही, तर पत्रा ठरवतो.

मी ते निऱ्यांसारखे दडवतो. फुगीर गोलाई हवी तर पत्रा उलटा टाकायचा आणि आतल्या बाजूला येणाऱ्या पन्हळींवर बोथट छन्नीने आडवे दाब द्यायचे. दर दोन इंचांवर एक ओळ धरली तर वीस ओळींत काटकोन होतो, त्रिज्या दोन फुटांच्या आसपास येते आणि एका घडीत जेमतेम दीड मिलीमीटर जातो. सगळ्या पन्हळींवर एक ओळ पुरी करायची, हाताने थोडा बाक द्यायचा, मगच पुढची ओळ. घाईवाले एकच पन्हळ टोकापर्यंत ठोकत नेतात आणि मग पत्रा पिळला म्हणून दुकानदाराला शिव्या घालतात. हे काम दुपार खातं. तेवढा धीर नसेल तर नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत क्रिम्पिंग, म्हणजे अशाच घड्या मशीनवर पाडून देणारं कोणी आहे का ते विचारा.

छपराची त्रिज्या बारा मीटरच्या पुढे असेल तर यातलं काहीच करू नका. गोलाईत वाकवलेल्या पाइपच्या सांगाड्यावर पत्रा एका टोकाकडून स्क्रू मारत आणला की आपोआप बसतो. उलट, तीक्ष्ण कोपरा हवा असेल तर वाकवायचा हट्टच सोडा; दोन पत्रे घ्या आणि वर कोनाची पट्टी मारा.

रंगीत पत्रा विकत घेताना तो कडक आहे का ते विचारा. छपराचे बरेच रंगीत पत्रे ५५० मेगापास्कलच्या कडक पोलादाचे असतात आणि घडीवर तडकतात. आधी तुकड्यावर करून बघा.

ग्राइंडरने कापू नका, ठिणग्या रंगात रुततात आणि तिथेच गंजाचे ठिपके उठतात. कात्री वापरा. खुणा मार्करने करा. ॲल्युमिनियम-जस्ताच्या पत्र्यावर शिसपेन्सिलीची रेघही गंज धरते. हातमोजे घाला, हे सांगावं लागतं याचंच नवल.

घडीवर जस्ताला बारीक तडे जातात, तिथे झिंकचा रंग मारा. इगतपुरी-घोटीकडच्या धो-धो पावसात काम असेल तर दोन हात. शेजारचे पत्रे वेगवेगळे वाकवू नका. घड्या एकमेकींवर बसल्या नाहीत की जोडात फट राहते, आणि सिलिकॉनने ती भरून देणारा कारागीर पुढच्या जूनमध्ये फोन उचलत नाही.