लॉजची सेप्टिक टाकी: नकाशाला हो म्हणायच्या आधी काय बघायचं

कोकणात लॉज, खानावळ, मंगल कार्यालय असं काही बांधायला घेतलं की गटार लाइन बहुतेक गावांत नसतेच, सगळा भार सेप्टिक टाकीवर, आणि नकाशात मागच्या कोपऱ्यात एक चौकोन आणि एक गोल काढलेला असतो. चौकोन म्हणजे टाकी, गोल म्हणजे शोषखड्डा. सगळे चौकोनाची मापं बघतात. मी सांगतो आधी गोल बघा, कारण टाकी पाणी संपवत नाही, ती फक्त गाळ खाली बसवते, रोज जेवढं पाणी आत गेलं तेवढंच बाहेर येतं आणि ते शेवटी जमिनीनेच प्यायचं असतं.

पहिलं काम, पाणी मोजणं. १२ खोल्या, २४ खाटा आणि खाली ४० खुर्च्यांचं हॉटेल धरू. आयएस ११७२ या भारतीय मानकाप्रमाणे लॉजला खाटेमागे १८० लिटर आणि हॉटेलला खुर्चीमागे ७० लिटर, म्हणजे ४३२० अधिक २८००, एकूण ७१२० लिटर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर रोज साधारण ५७०० लिटर. हिशोब मे महिन्यातल्या फुल्ल दिवसाचाच करायचा, वर्षाची सरासरी काढून चालत नाही कारण टाकी तुंबते ती फुल्ल दिवशीच.

आता माती. पाझर चाचणीचा रिपोर्ट जोडलाय का बघा, नसेल तर पुढचं वाचूच नका, परत पाठवा. चाचणी सोपी आहे, जिथे पाणी मुरवायचं तिथेच, त्याच खोलीला छोटा खड्डा घ्यायचा, तळाला थोडी खडी, पाणी भरून रात्रभर मुरू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. समजा १६ मिनिटं लागली. आयएस २४७० च्या दुसऱ्या भागातलं सूत्र आहे, २०४ भागिले त्या मिनिटांचं वर्गमूळ, म्हणजे २०४ भागिले ४, चौरस मीटरला दिवसाला ५१ लिटर. ५७०० लिटरला ११२ चौरस मीटर लागले. आणि नकाशातला गोल किती? दीड मीटर व्यास, पाइपखाली दोन मीटर खोल, खड्ड्याच्या फक्त बाजूच्या भिंती धरायच्या, ते होतात साडेनऊ चौरस मीटर, जेमतेम ४८० लिटर मुरणार. बाकीचे पाच हजार लिटर कुठे जाणार हा प्रश्न डिझायनरला सरळ विचारा, मला आजवर तरी याचं धड उत्तर मिळालेलं नाही.

खड्ड्याऐवजी चर घ्यायचे तर ९० सेंटिमीटर रुंदीचे २५-२५ मीटरचे पाच चर, मध्ये १.८ मीटर अंतर, म्हणजे तीन गुंठे जागा गेली, आणि तिच्यावर गाड्या लावायच्या नाहीत. नकाशात तिथेच पार्किंग दाखवलेलं असतं!

जांभ्यात उलटा धोका असतो, तिथे पाणी झटकन जातं आणि मालक खूश होतो, पण ते मुरत नाही, भेगांतून तसंच्या तसं पळतं आणि विहिरीत उतरतं. नियमात विहिरीपासून १२ मीटर आहे, जांभ्यात मला तेवढंही पुरेसं वाटत नाही, आणि शेजाऱ्याची विहीर पण नकाशात दाखवायला लावा, उताराच्या खालच्या बाजूची तर आधी. चाचणीची तारीख पण बघा. एका ठिकाणी रिपोर्ट मे महिन्याचा होता, सगळं छान, मी ऑगस्टमध्ये तिथेच खड्डा घ्यायला लावला तर चार फुटांवर पाणी लागलं, आम्ही बघत उभे असतानाच कडेने झरायला लागलं. अशा जागी जमिनीवर भर घालून उंचावर चर घ्यावे लागतात.

स्वयंपाकघराची लाइन वेगळी आहे ना आणि टाकीआधी तेल अडवायचा चेंबर आहे ना, हे नक्की बघा. मी एक जुना शोषखड्डा उघडलेला पाहिलाय, दगडांवर वनस्पती तुपासारखा पांढरा थर, नखाने खरवडला तर निघत होता, पाणी मुरणार कुठून. गच्चीचं पावसाचं पाणी टाकीत सोडलेलं असेल तर ते लगेच काढायला लावा.

टाकी स्वतः सोपी आहे. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट, मध्ये आडभिंत आत येणाऱ्या बाजूपासून दोन तृतीयांशावर, बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा ५० मिलिमीटर खाली, दोन्ही पाइपांना टी आकाराचा जोड, हवेच्या पाइपला डासांची जाळी. क्षमता मोजताना दिवसभराच्या पाण्यावर गाळाची जागा वेगळी धरलीय का तेवढं विचारा.

आणि झाकणं. दोन्ही कप्प्यांवर हवीत, मैला उपसणारी गाडी जवळ येईल आणि तिचा होज पोचेल अशी, टाइल लावून बुजवलेली नकोत. तळाला आत येणाऱ्या बाजूकडे उतार ठेवला की गाळ होजच्या तोंडाशी येतो आणि कुणाला आत उतरवायची वेळच येत नाही. संरक्षक साधनं न देता माणूस आत उतरवून साफ करणं हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि टाकीतल्या वायूने माणूस काही मिनिटांत जातो, म्हणून मी गाडीचा रस्ता नकाशावर लाल पेनाने काढून घेतो, होजच्या लांबीसकट, मगच सही करतो.