ॲव्होकॅडोचे बी घरात रुजवण्यापूर्वी करावयाची तयारी

ॲव्होकॅडोचे फळ कापण्यापूर्वी कुंडी, माती आणि जागा ही तिन्ही तयार असावीत. मुगाचे किंवा भोपळ्याचे बी वाळवून डब्यात वर्षभर ठेवता येते. ॲव्होकॅडोच्या बीला ते चालत नाही. आंब्याची कोय आणि फणसाची आठळी यांच्याप्रमाणे हे बी ओलावा धरूनच जिवंत राहते आणि उघड्यावर काही दिवस पडून सुकले की त्यातील अंकुर मरतो. फळ खाऊन झाल्यावर बी ओट्यावर ठेवायचे आणि रविवारी कुंडी आणायची, हा क्रम म्हणूनच टाळावा. लगेच लावणे शक्य नसेल, तर बी धुऊन, ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही ठेवू नये.

त्याआधी अपेक्षा निश्चित कराव्यात. मेक्सिको व मध्य अमेरिकेतला हा वृक्ष दालचिनीच्या कुळातला असून मोकळ्या जमिनीत पंधरा-वीस मीटरपर्यंत वाढतो. घरात तो लांबट, गर्द हिरव्या पानांसाठी ठेवायचा. बीपासून वाढलेल्या झाडाला जमिनीतही फळ धरायला पाच ते दहा वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात, आणि दिवाणखान्यातील उजेडात फुलोरा येण्याची शक्यता फारच कमी असते. शिवाय बीचे झाड मूळ फळासारखे निघत नाही. बाजारात मिळणाऱ्या ‘हास’ जातीची जगभरातील झाडे ही कॅलिफोर्नियातील रुडॉल्फ हास यांच्या बागेतील एका झाडाची कलमे आणि त्यांचीही कलमे आहेत. ते मूळ झाड मात्र बीपासूनच उगवले होते. 1935 मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले आणि 2002 मध्ये ते मेले. आपल्या कुंडीत येणारे झाड म्हणजे हास नव्हे, ते त्याचे स्वतंत्र अपत्य असेल, आणि मला तरी हे बी लावण्यातला खरा आनंद यातच वाटतो.

घरात पोपट, लव्हबर्ड किंवा इतर पाळीव पक्षी मोकळे फिरत असतील, तर हे झाड त्या खोलीत आणू नये. ॲव्होकॅडोच्या पानांत, सालीत आणि बीमध्ये पर्सिन नावाचे द्रव्य असते आणि ते पक्ष्यांना प्राणघातक ठरू शकते. ससे, शेळ्या आणि घोडे यांनाही ते बाधते, त्यामुळे छाटलेली पाने शेळीपुढे टाकू नयेत.

आता फळाची निवड. कोडगू, निलगिरी आणि वायनाड भागातील फळे पावसाळ्याच्या सुमारास बाजारात येतात. ती लांबच्या शीतगृहातून आलेली नसल्याने त्यांचे बी सहसा अधिक जोमदार असते. परदेशातून आलेल्या फळांचे बी रुजत नाही असे नाही, पण कित्येक आठवडे थंडीत राहिल्यामुळे त्यातले एखादे वाया जाऊ शकते. म्हणून दोन-तीन बिया एकदम लावण्याची तयारी ठेवावी. फळ पूर्ण पिकलेले असावे, मात्र आतून काळे पडलेले नसावे. बी काढताना त्यात सुरी रुतवू नये. फळाभोवती उभी चीर देऊन दोन्ही अर्धे उलट दिशांना फिरवावेत आणि बी चमच्याने उचलावे. कोमट पाण्यात धुऊन त्यावरचा सगळा गर काढावा, कारण राहिलेल्या गरावर बुरशी लगेच धरते. वरचे तपकिरी पातळ साल नखाने सहज निघत असेल तर काढावे, त्यामुळे रुजवण लवकर होते. घट्ट चिकटलेले असेल तर खरवडू नये. बीच्या रसाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, याचीही नोंद असावी.

बीला टूथपिक टोचून ते पाण्याच्या पेल्यावर टांगण्याची रीत प्रसिद्ध आहे. मुळे फुटताना मुलांना पाहता यावीत एवढ्यासाठी ती करण्यास हरकत नाही. परंतु झाड हवे असेल तर मी थेट मातीचाच सल्ला देईन. पाण्यात वाढलेली मुळे नाजूक असतात आणि मातीत हलवताना मोडतात, झाडही काही काळ थांबून राहते. पेल्याचीच रीत करायची असेल, तर पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, आणि पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघरी कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात ते याचसाठी.

सर्वाधिक लक्ष मातीकडे द्यावे, कारण या झाडाची मुळे पाणी साचल्यास फार लवकर कुजतात. काळी चिकण माती एकटी वापरू नये. दोन भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगले मुरलेले गांडूळखत किंवा शेणखत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण चालते. कोकणातील जांभ्या खडकाची माती मिळत असेल तर उत्तमच. ती मुळातच निचऱ्याची आणि किंचित आम्ल असते. ॲव्होकॅडोला क्षार सोसत नाहीत, म्हणून कोकोपीट दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून पिळून घ्यावे आणि समुद्रकिनाऱ्यावरची वाळू वापरू नये. हाच नियम पाण्यालाही लागू आहे. कूपनलिकेचे किंवा टँकरचे जड पाणी सतत दिल्यास पानांची टोके तपकिरी होऊन करपतात. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडून जातो, पण विरघळलेले क्षार तसेच राहतात. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र या झाडाला अजिबात घालू नये, कारण क्षार त्यातच एकवटलेले असतात.

कुंडी पंधरा ते वीस सेंटीमीटर व्यासाची, तेवढीच खोल आणि तळाला छिद्रे असलेली असावी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मातीची कुंडी सोयीची, कारण ती कडेनेही ओल सोडते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत प्लास्टिकची कुंडी ओल टिकवते. सुरुवातीलाच मोठी कुंडी घेऊ नये, कारण मुळांनी न व्यापलेली माती ओलीच राहून आंबते.

बीची रुंद, सपाट बाजू खाली आणि निमुळते टोक वर ठेवून, वरचा तिसरा हिस्सा उघडा राहील असे ते बसवावे. रुजण्यासाठी वीस ते अठ्ठावीस अंश तापमान मानवते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत जून-जुलै हा काळ त्यासाठी अनुकूल असतो. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरातील गार रात्रींमध्ये बी नुसते पडून राहते आणि नागपूरच्या मे महिन्यात माती तापते. माती सतत वाफशावर, म्हणजे ओलसर पण मोकळी असावी, चिखल होऊ देऊ नये. कोंब येईपर्यंत कडक उजेडाची गरज नसते. पाने फुटल्यावर पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेचे दुपारचे ऊन कोवळ्या पानांना भाजते आणि वातानुकूलन यंत्राचा थेट झोत त्यांच्या कडा वाळवतो.

एक धारदार, स्वच्छ कात्री आधीच बाजूला काढून ठेवावी. खोड सुमारे पंधरा सेंटीमीटर झाले की ते निम्म्यावर छाटावे, आणि नवी वाढ तीस सेंटीमीटरला पोहोचली की पुन्हा शेंडा खुडावा. वाढत्या झाडाला कात्री लावणे जिवावर येते, पण छाटले नाही तर एकच काटकुळे खोड छताकडे जाते आणि पाने फक्त वर उरतात. रोपाला चिकटलेले बी तोडू नये. पहिले काही महिने झाड त्याच्यावरच जगते. खताची घाई नको, तीन महिन्यांनंतर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरते.

शेवटी, कुंडीवर लागवडीची तारीख लिहून ठेवावी. कोंब दोन आठवड्यांत येऊ शकतो तसा आठ आठवडेही घेऊ शकतो. आधी बी उभे तडकते, मूळ खाली जाते आणि त्यानंतरच तांबूस कोंब वर दिसतो. म्हणून तडकलेले बी बिघडले असे समजून उपटू नये. आठ आठवड्यांनंतरही ते दाबून टणक लागत असेल तर आणखी काही आठवडे वाट पाहावी. मऊ पडून वास येत असेल तर ते टाकावे आणि पुढचे बी ताज्या मातीत लावावे.