हायब्रिड गाडी जवळच्या फेऱ्यांत जास्त पेट्रोल खाते? या चुका टाळा

पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशा दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी शहरात चांगले ॲव्हरेज देते, पण ते इंजिन गरम झाल्यानंतर. दोन किलोमीटर जायचे, तीन-चार तास गाडी उभी ठेवायची आणि तेवढेच परत यायचे, असा वापर असेल तर इंजिन पुरते गरम होण्याआधीच प्रवास संपतो. मग मालकाला वाटते बॅटरी गेली. बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत असते.

थंड गाडी सुरू केली की गाडीतला संगणक आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग, तापवायला घेतो. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला काम करू लागतो. तिथे लवकर पोहोचण्यासाठी स्पार्क मुद्दाम उशिरा दिला जातो, त्यामुळे पेट्रोलची बरीचशी उष्णता चाकांना न मिळता एक्झॉस्टमध्ये जाते. टोयोटाच्या अनेक हायब्रिड गाड्यांत हा टप्पा साधारण मिनिटभराचा असतो आणि तेवढा वेळ गाडी शक्यतो बॅटरीच ओढते. म्हणजे इंजिन पेट्रोल जाळत असतानाच बॅटरीही उतरत असते, आणि ती भरून काढायला पुन्हा पेट्रोलच लागते. पुढे कूलंट (इंजिनाभोवती फिरणारे द्रव) पुरेसा तापेपर्यंत सिग्नलला इंजिन बंद होत नाही. बऱ्याच मॉडेलांत कूलंट ७० अंशांच्या आसपास गेल्यावरच इंजिन मोकळेपणाने चालू-बंद होऊ लागते.

हा खर्च दर थंड स्टार्टला ठरलेला आहे, तुम्ही किती लांब जाता याच्याशी त्याचा संबंध नाही. हिशेबापुरते धरू की गरम होण्यात १०० मिली जादा पेट्रोल जाते. २० किलोमीटरच्या प्रवासात ते दर १०० किलोमीटरला अर्धा लिटर पडते. दोन किलोमीटरच्या फेरीत तेच पाच लिटर होते! म्हणून ॲक्सिलरेटर कसा दाबता यापेक्षा दिवसातून किती वेळा थंड इंजिन सुरू करता, हे आधी पाहा.

सगळ्यात महाग चूक म्हणजे कामे तुकड्यातुकड्यांनी करणे. तीन ठिकाणी जायचे असेल तर एकाच फेरीत जा आणि सर्वांत लांबचे ठिकाण आधी घ्या. तिथे पोहोचेपर्यंत इंजिन पूर्ण तापते, आणि नंतरच्या जवळच्या थांब्यांवर अर्धा-पाऊण तास गाडी उभी राहिली तरी इंजिनात बरीच ऊब उरते. हीच ठिकाणे उलट क्रमाने घेतली तर प्रत्येक थांब्यानंतर अर्धवट थंड इंजिन पुन्हा तापवावे लागते. एवढा एक बदल केला तरी फरक दिसतो.

निघण्याआधी गाडी जागेवर तापवत ठेवू नका. उभ्या गाडीत इंजिन सावकाश तापते आणि किलोमीटर शून्य. सुरू करा, लगेच निघा, पण पहिली दोन-तीन मिनिटे हलक्या पायाने चालवा. सुरुवातीलाच जोरात पळवली तर थंड, घट्ट ऑइलमध्येच इंजिनाला जादा ताकद काढावी लागते.

थंडीत हीटर लगेच पूर्ण क्षमतेवर लावणे हीसुद्धा नेहमीची चूक. बहुतेक हायब्रिड गाड्यांत केबिनची ऊब कूलंटमधून येते, त्यामुळे हीटरला ऊब हवी असली की संगणक इंजिन जास्त वेळ चालू ठेवतो. काच धूसर असेल तर आधी ती साफ करा, त्यात तडजोड नको. मात्र केबिनसाठी तापमान थोडे कमी ठेवा आणि सीट हीटर असेल तर तो वापरा.

ईव्ही बटण (फक्त बॅटरीवर चालवण्याचे) दाबून जवळची फेरी इंजिनाविना उरकण्याचा मोह आवरा. साध्या हायब्रिडची बॅटरी बहुधा एक ते दोन किलोवॅट-तासांच्या आतबाहेरची असते आणि तिच्यातली वीज पेट्रोलमधूनच आलेली असते. जनरेटर, इन्व्हर्टर, बॅटरी, पुन्हा इन्व्हर्टर आणि मोटर, या प्रत्येक पायरीवर थोडी ऊर्जा गळते. निर्णय संगणकावर सोडा. बाहेरून चार्ज करता येणाऱ्या प्लग-इन हायब्रिडचे गणित वेगळे आहे. तिथे घरी चार्ज करून जवळच्या फेऱ्या विजेवरच कराव्यात.

सिग्नलला गिअर एनमध्ये (न्यूट्रल) टाकू नका, कारण टोयोटाच्या पद्धतीच्या गाड्यांत एनमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. बी मोड (इंजिनाच्या मदतीने वेग रोखणारा) लांब उतारासाठी आहे, रोजच्या रस्त्यांसाठी नाही. ब्रेक लवकर आणि हलका लावा, म्हणजे मोटर जनरेटरसारखी फिरून बॅटरी चार्ज करते. करकचून दाबला की ऊर्जा बॅटरीत न जाता डिस्कवर उष्णता होऊन संपते.

एवढे करूनही ॲव्हरेज पडलेलेच असेल तर गाडी तपासा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे यंत्र) लावून कूलंटचे तापमान पाहा. सौम्य हवेत १५-२० मिनिटे चालवूनही ते ७० अंशांच्या खालीच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारा कूलंट रोखणारी झडप, उघडा अडकल्याची शंका घ्या. स्कॅनरवरचा पी०१२८ हा बिघाडाचा कोडही तिकडेच बोट दाखवतो. थर्मोस्टॅट तसा किरकोळ भाग, पण तो बिघडला की लांबच्या प्रवासातही गाडी थंड इंजिनासारखीच पेट्रोल खाते.

टायरमधली हवा गाडी थंड असताना मोजा. तापमान १० अंशांनी उतरले की साधारण दीड ते दोन पीएसआय कमी होतात. मागच्या सीटजवळ बॅटरीच्या पंख्याची जाळी असेल तर तिच्यावर पिशव्या ठेवू नका आणि तिचा फिल्टर साफ ठेवा, कारण तापलेली बॅटरी ब्रेकमधून येणारी वीज पुरेशी घेत नाही. हायब्रिडमध्ये ब्रेक पॅड कमी वापरले जातात, त्यामुळे कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना गंजून अडकू शकतात. फेरीनंतर एखादे चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागले तर तिथे ब्रेक घासतो आहे.

ॲव्हरेज मोजताना एका फेरीचा आकडा धरू नका. टाकी फुल करा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करा, आणि मधले किलोमीटर दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागा.

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचेच घाला. ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सांगितले असताना जाड ऑइल घातले तर थंड इंजिन आणखी जड फिरते. फक्त जवळच्या फेऱ्या होत असतील तर महिन्यातून एकदा डिपस्टिक काढून पाहा. पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आहे. अशा वेळी ऑइल लगेच बदला आणि पुढे मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी दिलेले ऑइल बदलण्याचे कमी अंतर पाळा.