के. बी. कुलकर्णींच्या मुलखात पावसाळी प्रवास: निघण्यापूर्वीची तयारी

बेळगावात चित्रमंदिर ही चित्रकला शिकवणारी संस्था चालवून अनेक चित्रकार घडवणारे चित्रकार के. बी. कुलकर्णी आणि १९३५ साली याच शहरात जन्मलेले त्यांचे शिष्य रवी परांजपे यांची नजर ज्या परिसरात तयार झाली, तो परिसर पाहायचा असेल तर पावसाळ्यातच निघावे. मात्र पहिली तयारी गाडीची नव्हे, डोळ्यांची आहे. कुलकर्णींची जेवढी चित्रे पाहायला मिळतील तेवढी आधी पाहून घ्यावीत, आणि क्षितिज कोठे ठेवले आहे, हिरवा रंग कितपत दाबला आहे, माणसे व जनावरे किती मोजक्या फटकाऱ्यांत उभी केली आहेत, हे वहीत टिपून ठेवावे. ही टिपणे सोबत नसतील तर प्रवासात केवळ धबधबे मोजले जातात.

मार्ग ठरवताना पश्चिम आणि पूर्व या दिशा एकाच दिवसात कोंबू नयेत. पश्चिमेला जांबोटीवरून मलप्रभा नदीच्या उगमाकडे, कणकुंबीला जाताना लाल माती, भाताची खाचरे, कौलारू घरे आणि रस्त्यावर उतरलेले ढग भेटतात. पूर्वेला गोकाककडे वळताच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे पाऊस ओसरतो, आभाळ मोकळे होते आणि वालुकाश्माचे कडे दिसू लागतात. तरीही तेथील सुमारे ५२ मीटर उंचीचा धबधबा भरभरून कोसळतो, कारण घटप्रभा नदीचे पाणी घाटमाथ्यावरच्या पावसाचे असते. रंगांचा हा पालट हेच या प्रवासाचे खरे कारण असल्याने प्रत्येक दिशेला स्वतंत्र दिवस द्यावा. अर्धाच दिवस हाती असेल तर बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयाचा परिसर पुरेसा आहे.

गाडीचे टायर, ब्रेक, वायपर आणि दिवे तपासून घ्यावेत, व इंधन बेळगावातच भरावे. कणकुंबीपुढच्या चोर्ला घाटाच्या बाजूला दरड किंवा पडलेले झाड वाट अडवू शकते, म्हणून सकाळी रस्त्याची चौकशी करून मगच निघावे. जंगलातील धबधब्यांवर वनखात्याची बंदी असल्यास ती निमूटपणे पाळावी. मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा घरी मार्ग आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी.

चित्रसाहित्याचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो. दमट हवेत जलरंगाचा पहिला थर तासभरही ओला राहतो आणि त्यावर दुसरा दिला की दोन्ही एकमेकांत मिसळून मळकट होतात. म्हणून जाड कागदाचे लहान तुकडे न्यावेत, एक थर देऊन कागद बाजूला ठेवावा आणि तोवर दुसऱ्यावर काम करावे. तैलरंगांना दमटपणाचा त्रास कमी, पण रंगवलेली ओली पाटी सांभाळून नेण्यासाठी खाचांची पेटी हवी. मऊ पेन्सिली आणि मेणाचे खडू तर असावेतच, कारण ढगाळ उजेडात सावल्या जवळजवळ नाहीशा होतात आणि चित्र उभे राहते ते गडद-फिक्या छटांच्या फरकावर, जो पेन्सिलीने चटकन पकडता येतो. कागद दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळावेत. चिमटे, कोरडी फडकी, घडीचे स्टूल आणि बांधता येईल अशी मोठी छत्री घ्यावी.

अंगावर लवकर वाळणारे कपडे, पायांत पकड असलेले बूट, आणि जांबोटी-कणकुंबी ज्या खानापूर तालुक्यात येतात तेथील रानातल्या जळवांसाठी मिठाची पुरचुंडी असावी. भाकरी, शेंगाचटणी आणि पिण्याचे पाणी घरूनच घ्यावे.

रोपलावणी चालू असताना बांधावर उभे राहण्यापूर्वी शेताच्या मालकाला विचारावे, आणि चिखलात वाकलेल्या माणसांचे चित्र काढायचे असेल तर त्यांचीही परवानगी घ्यावी. खानापूर भागात मराठीत बोलणे होते, पण गोकाककडे कन्नडची थोडी ओळख असली तर संकोच राहत नाही. गोकाकला धबधब्याच्या काठावरचे खडक शेवाळाने निसरडे होतात, म्हणून बैठक कड्यापासून लांबच मांडावी.

परतल्यावर चित्रे एकावर एक न ठेवता पंख्याखाली सपाट पसरता येतील एवढी जागा निघण्याआधीच घरी मोकळी करून ठेवावी.