पदाच्या आधीचं वाक्य: संगीत नाटकातून कॅमेऱ्यासमोर जाऊ पाहणाऱ्यांसाठी

मी ऑर्गन वाजवते. प्रयोगात माझी जागा कधी रंगमंचाच्या पुढ्यात, कधी विंगेला चिकटून. तिथून नटांचे चेहरे अर्धेच दिसतात, बरगड्या मात्र पूर्ण दिसतात. कोण कुठे श्वास भरतो, कोण पद (नाटकातलं गाणं) यायच्या आधीच घाबरून कोरडा पडतो, हे पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या आधी मला कळतं. तीसेक वर्षं हेच बघतेय. त्यातली चार-दोन पोरं मालिकांत गेली, एक-दोघं सिनेमात, बाकीची बँकेत आणि आयटीत. बँकेत गेलेल्यांपैकी काहींचा गळा सिनेमात गेलेल्यांपेक्षा सरस होता, हेही सांगून ठेवते. अधूनमधून कुणाची तरी आई फोन करते, "ताई, हिला पुढे जायचंय, काय करू?" दर वेळी अर्धा तास जातो. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सुरुवात वाक्यापासून करा. गळ्याकडे नंतर येऊ.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं, तेव्हा गाण्याचा भार सूत्रधारावर असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक केले आणि पात्रं आपापली पदं स्वतः गायला लागली. तिथून गायक नटामागे एक प्रश्न लागला तो आजतागायत आहे: बरा बोलत होता, मधेच गायला का लागला? या प्रश्नाचं उत्तर पदाच्या आधीच्या गद्य वाक्यात असतं, आणि बहुतेक मुलं नेमकं तेच वाक्य कसंबसं उरकतात. डोळे पदावर असतात ना!

'सौभद्र' नाटकातली सुभद्रा घ्या. बलरामाने तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, हिचं मन अर्जुनाकडे. तिचं एक पद 'वद' या शब्दाने सुरू होतं. वद म्हणजे सांग. आता 'सांग' म्हणायला समोर कुणीतरी लागतं की नाही? दहातल्या आठ मुली वाक्य संपवतात, प्रेक्षकांकडे वळतात, डोळे मिटतात आणि 'वद' म्हणतात. मिटल्या डोळ्यांनी कुणाला विचारतेस बाई? मी स्वतः एकोणिसाव्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेत सुभद्रा केली तेव्हा हेच केलं होतं. टाळ्या मिळाल्या. टाळ्यांमुळे चूक कळायला आणखी सहा वर्षं लागली.

तालमीत मी हे असं करून घेते. आधी पूर्ण पद नुसतं बोलायचं, सूर-ताल काही नाही, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून. शब्द जुने असतात. प्रत्येकाचा अर्थ आपल्या रोजच्या भाषेत सांगता आला पाहिजे. सांगता येत नसेल तर त्या दिवशी गाणं बंद. मग आधीचं गद्य वाक्य आणि पदाची पहिली ओळ एका श्वासाच्या अंतरावर आणायची. हे जमायला एक युक्ती आहे: वाक्याचा शेवटचा शब्द आपल्या षड्जाच्या (सा) किंवा पंचमाच्या (प) आसपास उतरवायचा. मी तेव्हा खालून हळूच सूर धरलेला असतो. शब्द त्या सुरावर टेकला की पद कधी सुरू झालं ते लोकांना कळतच नाही. वाक्य भलत्याच उंचीवर संपलं की मधे एक खड्डा पडतो, आणि तो माझ्या ऑर्गनच्या तुकड्याने भरावा लागतो. मी भरते. पण बिल तुमच्या नावावर फाटतं.

ही एवढी एक गोष्ट घट्ट झाली की पुढे कॅमेऱ्यासमोर अर्धं काम झालेलं असतं. ते कसं, ते खाली येतंच.

आता पट्टी, म्हणजे आपला 'सा' ज्या उंचीवर धरायचा ती. माईक नव्हते तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून मंडळी उंच पट्टीत गायची. तुम्हाला ती सक्ती नाही. ज्या पट्टीत तुमचं बोलणं आणि गाणं एकाच माणसाचं वाटेल ती तुमची पट्टी. मुलगी काळी चारमध्ये (म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून) गात असेल आणि समोरचा अर्जुन काळी एकमध्ये, तर घाबरायचं कारण नाही. काळी चारचा मध्यम (म) म्हणजेच काळी एक. तिचा मध्यम हा त्याचा षड्ज. साथीदाराला हे आधी सांगा म्हणजे झालं. ऐन प्रयोगात "ताई, आज अर्धा सूर खाली घ्या" असं विंगेतून खुणावणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक खास नजर आहे.

तानांबद्दल थोडक्यात. प्रसंगाला पेलतील तेवढ्याच घ्या. वन्समोअर आला तर अख्खं पद पुन्हा नको; शेवटच्या अंतऱ्यावरून घ्या आणि परत येताना समोरच्या पात्राकडे बघत या, कारण तो बिचारा मघापासून त्याच पोजमध्ये उभा आहे.

शिकायचं कुठे? नाट्यसंगीताचा वेगळा गुरू मिळाला तर भाग्य, नाहीतर रागसंगीताचा पाया कुठेही घालता येतो. पण संगीत नाटक गाण्याच्या क्लासात येत नाही, ते तालमीत येतं. हौशी संस्था शोधा. राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी कलाकारांसाठी संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा असते. तिथे पहिल्या वर्षी सखी, दुसऱ्या वर्षी नायिका असं होऊ शकतं. पुण्यात असाल तर भरत नाट्य मंदिराकडे लक्ष ठेवा, १८९४ पासूनची संस्था आहे. रीतसर अभ्यास करायचा असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. एक कळकळीची विनंती: फक्त संगीत नाटकं करू नका. वर्षाला एक तरी बिनगाण्याची एकांकिका करा. गाणं काढून घेतल्यावर तुमच्याकडे काय उरतं, ते तिथे उघडं पडतं. भारती आचरेकरांचं बघा. आई गायिका माणिक वर्मा, घरात गाणं, 'धन्य ते गायनी कळा'सारखी संगीत नाटकं केली. आणि १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'वागले की दुनिया'तली मिसेस वागले म्हणून देशभर पोचल्या. त्या भूमिकेत गळा लागलाच नव्हता.

आता पडदा.

आपल्याकडे हा रस्ता जुना आहे. 'अयोध्येचा राजा' हा १९३२ चा पहिला मराठी बोलपट. त्यातले हरिश्चंद्र म्हणजे नाटकवाले गोविंदराव टेंबे, 'मानापमान' या संगीत नाटकाच्या चाली त्यांच्याच. तेव्हा प्लेबॅक (पार्श्वगायन) नव्हता, गाणारा माणूसच कॅमेऱ्यासमोर लागायचा. पण हा रस्ता सगळ्यांना मानवला नाही. बालगंधर्वांसारखा बालगंधर्व, १९३५ च्या 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथ झाला. त्यांची सद्दी मात्र रंगभूमीवरचीच राहिली. उलट गायक नट जयराम शिलेदार १९४७ मध्ये 'राम जोशी' या सिनेमाचे नायक झाले आणि नंतर जन्मभर संगीत रंगभूमीच सांभाळली. पुढे प्लेबॅक रुळला आणि गाणारा एक, दिसणारा दुसरा अशी वाटणी झाली. म्हणून आज कास्टिंगवाल्याला "मी गाते" एवढंच सांगून भागत नाही. त्याच्याकडे गाणारे वेगळे आहेत.

माझी स्वतःची ऑडिशन सांगते. एका मालिकेसाठी होती, वय पंचवीस. मी नऊवारी नेसून गेले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. दोन पानांचा संवाद मिळाला होता, नवऱ्याशी हळू आवाजातलं भांडण, शेजारच्या खोलीत सासू झोपलेली. मी तो शेवटच्या रांगेपर्यंत फेकला. समोरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "ताई, सासू उठली." पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आवाज कमी केला तर त्याबरोबर जीवही गेला. मला वाटायचं आवाज म्हणजेच जीव. त्यानंतर मी ऑर्गनकडे वळले, त्याचं दुःख आता नाही. पण तुम्ही ते तीन टेक घरी करून जा, एवढंच.

ऑडिशनची टेप, म्हणजे घरीच काढून पाठवायचा व्हिडिओ, करायची ती अशी. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर टेकवा, आडवा धरा (उभा मागितला असेल तर उभा), छातीपासून वर फ्रेम घ्या. उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ केलीत तर फक्त सावली दिसेल. पंखा बंद. कुणीतरी समोर बसून दुसऱ्या पात्राची वाक्यं वाचावी, कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून आणि तुमच्यापेक्षा हळू आवाजात. कॅमेऱ्याच्या भिंगात बघायचं नाही, त्या माणसाकडे बघायचं. सुरुवातीला नाव, वय, उंची, शहर, मग दोन्ही बाजूंचे प्रोफाईल. इथे पल्लेदार आत्मचरित्र नको.

गाणं मागितलं असेल तर साथ घेऊ नका. तानपुऱ्याचं ॲपही नको. आधीचं गद्य वाक्य म्हणा आणि त्यातूनच दोन ओळी गा. वर म्हटलं ते हेच. शंभर मुली ध्रुवपदाने सुरू करतात, तुम्ही माणसाने सुरू केलेलं असतं. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने अशी टेप पाठवली. गाणं जेमतेम वीस सेकंदांचं. तिला बोलावणं आलं ते भूमिकेसाठी, आणि त्या भूमिकेत एकही गाणं नव्हतं.

टेप पाठवण्याआधी एकदा आवाज बंद करून बघा. संगीत नाटकवाल्यांच्या सवयी तेव्हा दिसतात. तान घेताना डावा हात हवेत नक्षी काढतो. वरच्या सुराला भुवया कपाळावर चढतात. मान एका बाजूला वाकते. रंगमंचावर हे खपतं, क्लोजअपमध्ये माणूस आजारी वाटतो. उपाय कंटाळवाणा आहे: हात मांडीखाली दाबून बसायचं आणि रोज दहा मिनिटं खर्जात (खालच्या सुरांत), अगदी कुजबुजत्या आवाजात पद म्हणायचं. सूर पूर्ण लागला पाहिजे आणि शेजारच्या खोलीतली सासू उठता कामा नये.

लिप सिंकची, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ जुळवायची, वेळ येईलच. २०१५ चा 'कट्यार काळजात घुसली' पुन्हा लावा, या वेळी फक्त गळे बघण्यासाठी. शंकर महादेवन पंडितजी म्हणून दिसतात आणि स्वतःच गातात; खाँसाहेब मात्र सचिन पिळगांवकर, आवाज राहुल देशपांड्यांचा. दुसऱ्याच्या तानेवर ओठ कसे ठेवायचे, त्याचा हा धडाच आहे. शूटिंगच्या वेळी नुसते ओठ हलवू नका, मोठ्याने गा. तुमचा आवाज कुणी वापरणार नाही, पण मानेचे स्नायू आणि पोट खोटं बोलत नाही. आणि ओळ सुरू व्हायच्या आधीचा श्वास रेकॉर्डिंगमध्ये जिथे आहे तिथेच घ्या. तो चुकला की सगळंच उपरं वाटतं. रेकॉर्डिंग दोन-तीन दिवस आधी मागून घ्या. श्वासाच्या जागांवर पेन्सिलने खुणा करा, अगदी आपण तालमीच्या वहीत करतो तशा.

पडद्यावर गेलं म्हणजे नाटक सुटलं, असंही धरून चालू नका. 'संगीत देवबाभळी' २०१७ मध्ये आलं, दोनच पात्रं, दोघीही गाणाऱ्या, आणि नव्या पिढीने ते रांगा लावून पाहिलं. असं काही चालून आलं तेव्हा तुमचा गळा गंजलेला नसावा. मालिकेत दिवसाला बारा-बारा तास जातात, रियाझ पहिला बुडतो. मेकअपच्या खुर्चीत खर्ज लावा. लोक हसतील. हसू देत.

पैशाचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. नाटकात नाईट मिळते, म्हणजे प्रयोगामागे ठरलेली रक्कम, आणि ती बहुधा लवकर हातात येते. मालिकेचे पैसे दिवसाप्रमाणे मोजतात आणि अनेकदा ९० दिवसांनी येतात, वर १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) वजा करून. म्हणजे पहिले तीन महिने मुंबईतलं भाडं स्वतःच्या खिशातून. त्याची सोय करूनच बॅग भरा. करारावर सही करण्याआधी दोन कलमं बोट ठेवून वाचा: तुम्हाला दुसरीकडे काम करायला बंदी आहे का, आणि आधीच ठरलेल्या प्रयोगांच्या तारखा मोकळ्या मिळतील का. "हो हो, ॲडजस्ट करू" हे उत्तर नव्हे. तारखा मेलवर लिहून पाठवा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

आणि तारीख फिरली की ऑर्गनवाल्या बाईला त्याच दिवशी कळवा. निर्माता, मेकअप, टेम्पो, चहावाला सगळ्यांना कळतं. मला बहुतेक वेळा नाट्यगृहाच्या दारात, हातात पेटी घेऊन उभी असताना कळतं.