पेढ्याचं आणि मरीन ड्राइव्हचं नातं काय? (माझं थर्ड इयरचं ब्रँडिंग प्रोजेक्ट)

थर्ड इयरच्या जुरीला (सगळ्यांसमोर काम मांडून तपासून घ्यायचं असतं ती) सरांनी माझा पेढ्यांचा बॉक्स हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, झाकण उघडून आत बघितलं (आत काहीच नव्हतं, पेढे मी आदल्या रात्री खाल्ले होते) आणि शांतपणे विचारलं, "अगं, पेढ्याचं आणि मरीन ड्राइव्हचं काय नातं?" मला उत्तर देता आलं नाही. मागून कोणीतरी हसलं. सहा आठवड्यांचं काम त्या एका वाक्यात बसलं खाली.

आता अप्लाइड आर्टला जे नवीन येतायत, सीईटी देऊन, फाउंडेशन उरकून, त्यांच्या वाट्याला हे प्रोजेक्ट कुठल्या ना कुठल्या रूपात येतंच, म्हणून लिहितेय. ब्रीफ साधारण असं असतं की इतिहासातली एक व्हिज्युअल स्टाइल निवडा, एक खरा ब्रँड निवडा, आणि त्याची आयडेंटिटी करा, म्हणजे लोगो, पॅकेजिंग, पोस्टर, थोडी स्टेशनरी. ऐकायला सोप्पं. आणि म्हणूनच सगळे रात्री बसून पिंटरेस्ट उघडतात, मीही उघडलं, आणि मला आर्ट डेको आवडलं, मरीन ड्राइव्हच्या जुन्या बिल्डिंगींची स्टाइल. काळं, सोनेरी, सूर्याचे किरण, पायऱ्यापायऱ्यांच्या चौकटी. ब्रँड तर घरचाच होता, साताऱ्याला मामाचं कंदी पेढ्यांचं दुकान. दोन्ही चिकटवलं आणि मॉकअप (कंप्युटरवरचं नमुना चित्र) इतका भारी दिसत होता की मी तो स्टेटसला पण टाकला.

जुरीनंतर राग येऊन मी मुंबईला मैत्रिणीकडे गेले, म्हटलं बघू तरी काय नातं आहे ते, आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या बाजूला दुपारभर फिरले. त्या एका दुपारी जे कळलं ते पिंटरेस्टवर कळलं नव्हतं. एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, ती सगळी दगडी गॉथिक, आणि मैदानाच्या या बाजूला १९३०च्या दशकातल्या सिमेंटच्या गुळगुळीत बिल्डिंगी, समुद्रात भराव टाकून मिळालेल्या जमिनीवर. दोन्ही मिळून २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. रीगल थिएटर १९३३चं, इरॉस १९३८चं. म्हणजे हे किरण आणि या पायऱ्या तेव्हा 'जुना लुक' नव्हता हो, ते तेव्हाचं एकदम लेटेस्ट होतं! नवीन फ्लॅट, लिफ्ट, बोलपट, मोटारगाडी, 'आम्ही आता मॉडर्न' असं सांगणारी भाषा. आणि मी ती कशाला लावली, तर मंद आचेवर खवा परतून केलेल्या पेढ्याला. सरांचा प्रश्न बरोबर होता.

आमच्याच बॅचच्या एकाने गावातल्या बंद पडलेल्या एकपडदा थिएटरच्या जागी कॅफे अशी कल्पना करून डेको वापरलं होतं, त्याला कोणी काही विचारलं नाही कारण तिकिटबारीची जाळीच मुळात डेकोची होती, त्याने तीच उचलून लोगो केला. दुसऱ्या एकाने गडावर ट्रेकला नेणाऱ्या ग्रुपसाठी रशियन कन्स्ट्रक्टिव्हिझम (क्रांतीनंतरच्या पोस्टरांची स्टाइल) घेतलं. तो रॉडचेंको या रशियन कलाकाराचा १९२४चा पोस्टर असतो बघा, बाई हात तोंडाशी धरून 'पुस्तकं!' ओरडतेय आणि तोंडातून अक्षरांचा त्रिकोण निघतोय, तो जगातल्या प्रत्येक डिझाइन स्टुडंटने एकदा तरी ढापलेला आहे. याने लाल-काळ्यात तिरकं 'चला हरिश्चंद्रगड' लिहिलं आणि दिसत होतं असं की उद्या बंद आहे, दुकानं बंद ठेवा. बाउहाउसबद्दल (जर्मनीतलं डिझाइन स्कूल आणि त्याची स्टाइल) मी काही बोलत नाही, दर वर्षी वीसातले आठ जण गोल-चौकोन-त्रिकोण लाल-निळा-पिवळा करतात आणि त्यातल्या सात जणांचं एकसारखं दिसतं.

वाचायचंच असेल तर ब्रँडिंगवाल्यांनी दोन गोष्टी आधी वाचा. एक म्हणजे पीटर बेहरेन्स. १९०७ साली एईजी या जर्मन वीज कंपनीने याला कलासल्लागार म्हणून घेतलं आणि त्याने लोगो, कॅटलॉग, पंखे, किटल्या, अगदी कारखान्याची बिल्डिंगसुद्धा एका हाताखाली आणली. आपण ज्याला कॉर्पोरेट आयडेंटिटी म्हणतो त्याची सुरुवात साधारण इथून धरतात. दुसरी म्हणजे लुसियन बर्नहार्डचा प्रीस्टर काडेपेटीचा पोस्टर, १९०५-०६च्या सुमाराचा. गोष्ट अशी सांगतात की त्याने आधी टेबल, ॲशट्रे, सिगार, नाचणाऱ्या मुली असं सगळं काढलं होतं, मग एकेक गोष्ट पुसत गेला, आणि शेवटी उरल्या दोन काड्या आणि ब्रँडचं नाव. बस.

काड्यांवरून आठवलं. दुसऱ्या अटेम्प्टला मी पुण्यातल्या जुन्या बाजारात गेले. बुधवारी आणि रविवारी भरतो, रविवारी गर्दीत चेंगरायला होतं म्हणून बुधवारी लेक्चर बुडवून गेले (हे सरांना माहीत नाही). तिथे एका काकांकडे गंजलेले डबे, तुटके रेडिओ आणि एका पिशवीत जुनी लेबलं होती, काडेपेटीची, कापडाच्या ताग्यावर चिकटवायची, अगरबत्तीची. गठ्ठ्यात मागितले दोनशे, घासाघीस करून दीडशेला आणला. त्यात ताग्यावरची दोन लेबलं एकमेकांना चिकटून बसलेली. होस्टेलवर इलेक्ट्रिक किटलीच्या वाफेवर धरून हळूहळू सोडवली. वरचं लेबल आपण 'व्हिंटेज' म्हणतो तसं, तपकिरी, पिवळट, फिकट. आणि खालच्याचा जो भाग इतकी वर्षं झाकलेला होता तो? रानी गुलाबी! त्याच्या शेजारी पोपटी, आणि देवीच्या साडीचा निळा असा की डोळे दिपले.

मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. आम्ही सगळे सेपिया (तपकिरी छटा) मारत होतो, कडा जाळल्यासारख्या करत होतो, एकाने तर चहा सांडलेलं टेक्श्चर विकत घेतलं होतं ऑनलाइन. म्हणजे आम्ही स्टाइलची कॉपी करतच नव्हतो, आम्ही कागदाच्या म्हातारपणाची कॉपी करत होतो. ज्याने ते लेबल काढलं त्याला ते तपकिरी नकोच होतं, त्याला बाजारात दहा ताग्यांमधून आपला तागा लांबून ओळखू यावा एवढंच हवं होतं, वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकालासुद्धा. म्हणून मोर, हत्ती, देवी, घड्याळ. चित्रावरूनच माल मागायचे लोक.

मग प्रिंटिंगमधे घुसले, आणि खरं सांगू तर स्टाइलचा उलगडा तिथे होतो. दहापटीचं एक भिंग घ्या, प्रत्येकाकडे असायलाच पाहिजे. आजचं कुठलंही मासिक त्याखाली धरा, चार रंगांचे ठिपके एकदम शिस्तीत, छोट्या फुलांसारखे बसलेले दिसतील, ती ऑफसेट छपाई. मग जुनं लिथो (दगडावरून छापलेलं) लेबल धरा, ठिपके रवा सांडल्यासारखे, लहान-मोठे, कुठे दाट कुठे विरळ, कारण ते ठिपके माणसाने हाताने टाकलेत, प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावर. चुनखडीचा गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट शाईने काढायचं, दगड ओला करायचा, छपाईची शाई फक्त तेलकट जागी बसते. दगड जेवढे जास्त तेवढा खर्च जास्त, म्हणून स्वस्त लेबलात रंग कमी, सपाट, आणि बाहेरून जाड काळी रेघ, कारण रंग थोडा सरकला तरी रेघेखाली झाकला जातो. पॅरिसमधे आल्फोन्स मुखा नावाच्या चित्रकाराच्या पोस्टरमधल्या बायकांना ती जाड आउटलाइन असते ना, तीसुद्धा लिथोत चपखल बसणारीच गोष्ट. आणि हे सगळं आपल्याला लांबचं नाहीये. पुण्यात चित्रशाळा प्रेस १८७८ला सुरू झाला, विष्णुशास्त्री चिपळूणकर त्यात होते. राजा रविवर्म्याचा प्रेस १८९४ला मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढे फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो घेतला. आपल्या आज्जीच्या देवघरातल्या लक्ष्मीचं घराणं तेच. साताऱ्याच्या पेढ्याला पॅरिस आणि बर्लिन शोधत बसायची गरजच नव्हती.

बरं एक प्रॅक्टिकल गोष्ट, रविवर्मा १९०६ला गेले आणि आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे त्यांची चित्रं मोकळी आहेत. पण जुन्या बाजारात मिळालेलं प्रत्येक लेबल मोकळं असेल असं नाही, काही ब्रँड अजून चालू आहेत आणि त्यांचे ट्रेडमार्कही. शिका त्यातून, उचलू नका.

आता अक्षरं. इथे सगळ्यात जास्त पोरं पडतात. रेफरन्स सगळे रोमनमधे आणि ब्रँडचं नाव मराठीत. डेको फाँटमधे ए ची आडवी रेघ खाली ओढली की तो लगेच डेको दिसतो, पण देवनागरी वरून लटकते, शिरोरेषा कुठे ओढणार तुम्ही? शिवाय रोमनमधे कट निबने उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते, आपल्या बोरूचा (काडीच्या लेखणीचा) कट उलटा, जाडीचं वाटपच वेगळं. त्यामुळे त्या फॅशन मासिकाच्या अक्षरांसारखी शिरोरेषा केसाएवढी केली की शब्द वाळत घातलेल्या कपड्यांसारखा दिसतो. माझा पहिला लोगो तसाच होता, दोरीवर वाळत घातलेले 'कंदी पेढे'. मग मी निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या पोथ्यांचे टाइप बघितले, आजचे बघायला 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता, बलू हे फाँट फुकट आहेत, आणि शेवटी लेबलांवरची हाताने काढलेली अक्षरं ट्रेस करून करून हात बसवला, पन्नासेक रफ झाले असतील. मराठी वळणाचा ल आणि श आलाय का ते प्रत्येक फाँटमधे तपासा, खूप फाँट आपोआप हिंदी वळणाचा देतात आणि आपल्याकडच्या माणसाला ते कळत नसलं तरी खटकतं.

आणि इलस्ट्रेटरमधे प्रेफरन्सेसमधे टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू करून कंपोझर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) बदला, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. माझ्या पहिल्या पोस्टरवर 'स्वादिष्ट' फुटून वेलांटी भलतीकडे गेली होती आणि ते मी ए-टू साइझमधे माउंट करून जुरीला लावलं होतं. प्रेसला फाइल देताना अक्षरांच्या आउटलाइन्स (म्हणजे चित्र) करून द्या, त्यांच्याकडे अजून श्रीलिपी हे जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालतं, तुमचा युनिकोड मजकूर तिथे काय होईल सांगता येत नाही.

या सगळ्यात मामाला विचारायचं राहूनच गेलं होतं. दिवाळीत घरी गेल्यावर रफ दाखवले, त्याने चष्मा लावून बघितले आणि म्हणाला, "छान आहे गं, पण डबा लाल ठेव. लोकं तो लाल डबावाला म्हणूनच येतात, दुकानाचं नाव कुणाला माहितीये?" मी दुसऱ्या दिवशी तीन तास काउंटरवर बसले आणि खरंच, यष्टी सुटायच्या घाईत आलेली माणसं "अर्धा किलो द्या, लाल डबा" एवढंच बोलायची. माझ्या सगळ्या मूडबोर्डवर लाल कुठेच नव्हता. आणि हे म्हणजे तेच ना, ताग्यावरच्या मोरासारखं.

मग ठरलं, तीन रंग आणि रेघ: मामाचा लाल, हळदीचा पिवळा, तो लेबलातला रानी गुलाबी, आणि काळी रेघ. कंप्युटरवर ठिपके टाकायचा मोह आवरला, कागदावर पेनाने एकेक ठिपका टाकला, प्रत्येक रंग वेगळ्या ट्रेसिंगवर, मग स्कॅन. एक लग्नपत्रिकावाले काका स्क्रीन प्रिंटिंग करून द्यायला तयार झाले, चार रंग म्हणजे चार स्क्रीन, महाग पडतं, म्हणून पन्नासच बॉक्स. गुलाबी अर्ध्या मिलीमीटरने सरकला, काका ओशाळले, मी म्हटलं काका राहू दे, असंच पाहिजे. त्यांना वाटलं मी वेडी आहे.

मॉकअपवर भागणाऱ्यांना एक इशारा, खऱ्या बॉक्सवर हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी नंबर, वजन, एमआरपी, बेस्ट बिफोर, घटक हे सगळं लागतं आणि जुन्या लेबलांना यातलं काहीच नव्हतं. मी आधी ते तळाला ढकललं, मग बॉक्सभोवती एक पांढरी कागदी पट्टी केली, सगळा कायदा पट्टीवर आणि चित्र मोकळं. दुसऱ्या जुरीला सरांनी सगळ्यात जास्त वेळ ती पट्टीच बघितली. नंतर नोकरीच्या इंटरव्ह्यूलाही फोलिओतले चकचकीत मॉकअप तिथल्या मॅडमनी भराभर उलटले, थांबल्या त्या वाफेवर सोडवलेल्या दोन लेबलांच्या फोटोवर आणि पन्नास रफच्या पानावर, त्यामुळे रफ फेकू नका, तारीख टाकून ठेवा.

मामाने बॉक्स घेतला, पण अर्ध्या किलोसाठीच, मोठ्या डब्याला जुनाच चालू आहे. आणि दुसऱ्या लॉटला पत्रिकावाल्या काकांना परस्पर सांगून बॉक्सवरच्या देवीच्या पायाशी स्वतःचा मोबाइल नंबर टाकून घेतला, चांगला ठसठशीत, सावली देऊन.